कचरा: निरंक

परिपत्रक मंगळवारी आलं. वजनमापे तपासणीच्या त्या कार्यालयात परिपत्रकं येतच असत, आणि बहुतेक सगळी 'वाचले' असा शेरा घेऊन कपाटात विसावत. पण या परिपत्रकाला तेवीस रकान्यांचा तक्ता जोडलेला होता, आणि तेवीस रकाने दिसले की मोठे साहेब न वाचताच कोपऱ्यात लिहीत, 'हेडक्लार्क, योग्य ती कार्यवाही.'

हेडक्लार्कना सगळे तपशीलराव म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे त्यांची बायकोसुद्धा रागात असली की हेच नाव वापरू लागली. बाहेर आग लागलीय असं कुणी ओरडत आलं असतं, तरी या गृहस्थांनी आधी 'कितव्या मजल्यावर, आणि किती वाजल्यापासून?' असंच विचारलं असतं. चुकीचं काही लिहायचं नाही आणि बरोबर असलेलं काही गाळायचं नाही, एवढ्या दोन नियमांवर त्यांनी सव्वीस वर्षं नोकरी केली होती. त्यात कुणाचं फारसं वाईट झालं नव्हतं. परिपत्रक येईपर्यंत.

'प्रत्येक कार्यालयाने आपल्या उपाहारगृहातील आहार शाश्वत आहे किंवा कसे, याबाबतचा अहवाल पंधरा दिवसांत सादर करावा,' असं त्यात म्हटलं होतं. तपशीलरावांनी शब्दकोश काढला. शाश्वत म्हणजे कायम टिकणारे, अविनाशी. ते बुचकळ्यात पडले.

"आत्मा असतो शाश्वत," टाइपिस्टबाई म्हणाल्या. "जेवण कसं असेल?"

तरी कर्तव्य म्हणून ते तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये गेले. कँटीन चालवणाऱ्या बाईंना सगळं कार्यालय काकू म्हणे. त्या एका भल्यामोठ्या पातेल्यात पळी फिरवत होत्या.

"काकू, तुमच्याकडचं जेवण शाश्वत आहे का?"

"इथं कसलं आलंय शाश्वत, तपशीलभाऊ? साडेबाराला मांडते, दोनला पातेलं रिकामं. तुम्ही कालच्यासारखे उशिरा आलात तर तळ खरवडून द्यावा लागतो."

तपशीलरावांनी वहीत लिहिलं, 'टिकत नाही.' मग ते खोडलं, कारण त्यांना शंका आली.

शंकेचं निरसन त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांनी केलं. मास्तर निवृत्त होते, भूगोल शिकवत असत, आणि शिकवायला कुणी मिळत नाही म्हणून कष्टी असत. तपशीलराव तक्ता घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी पृथ्वीचा गोल टेबलावर आणून ठेवला.

"शाश्वत आहार म्हणजे असं खायचं, की आपण खाल्ल्यानं जमीन नासत नाही, पाणी आटत नाही, हवा बिघडत नाही, पिकवणारा उपाशी राहत नाही, आणि आपल्या पणतवंडांनाही खायला उरतं. कळलं?"

"कळलं," तपशीलराव म्हणाले. खरोखरच कळलं होतं. तिथेच उठले असते तर बरं झालं असतं.

"आता सांगा, सकाळी काय खाल्लंत?"

"एक सफरचंद."

मास्तरांनी गोल गर्रकन फिरवला आणि एका निळ्या समुद्रापलीकडे बोट टेकवलं. "इथून आलं असेल ते. तुमच्या न्याहारीसाठी जहाज निघालं होतं, जहाज!"

तपशीलरावांना अपराध्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सफरचंद सोडून टोमॅटो धरला, तर समोरच्या वहिनींनी जिन्यातच गाठून सांगितलं, की या दिवसांतला टोमॅटो काचघरात वाढवतात, त्याला ऊब देण्यासाठी जे काही जाळतात त्यापेक्षा जहाज परवडलं. दूध? गाईच्या पोटातून वायू निघतो. भात? पाणी साचलेल्या शेतातूनही निघतो. घेवडा सगळ्यांत गुणी, त्यानं मातीचं भलं होतं, यावर मास्तर आणि वहिनी दोघांचं एकमत झालं. त्यामुळे तपशीलरावांनी सलग चार दिवस घेवडा खाल्ला.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, जगाची हवा सुधारत असेल, मी नाही म्हणत नाही. पण या खोलीतल्या हवेचा कुणी विचार करणार आहे का?"

असे दिवस चालले होते. ताटावर बसायचं तर घास उचलण्याआधी त्याची कुंडली मांडावी लागे, आणि कुंडली जुळेपर्यंत जेवण गार होई. शेवटी तपशीलरावांनी ठरवलं, की विचार करणं हे आपलं काम नाही. आपलं काम मोजणं. तेवीस रकाने मोजून भरायचे आणि मोकळं व्हायचं.

कार्यालयातला प्रमाणित तराजू घेऊन ते तीन दिवस कँटीनच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. तीन दिवसांत त्यांनी जे पाहिलं त्यानं ते चकितच झाले.

भाजी यायची ती रेल्वेरुळांच्या पलीकडे मळा असलेल्या एका म्हाताऱ्या माळ्याच्या सायकलवरून. अंतर, तपशीलरावांनी स्वतः चालून मोजलं, दोन हजार एकशे चाळीस पावलं. गाजराची सालं, कोबीची पानं, कांद्याची टोकं एका पातेल्यात उकळत आणि त्याचं सूप होई. उकळून उरलेला चोथा माळी त्याच पोत्यात भरून नेई. त्यातला काही कोंबड्यांना, काही खताच्या खड्ड्यात. शिळा पाव वाळवून त्याचा चुरा, तो सूप दाट करायला. मांस महिन्यातून दोनदा, तेही घेवड्यात थोडंसं, 'नुसतं वासाला,' असं काकू म्हणत. आणि ताट वाढताना त्या प्रत्येकाला विचारत, "किती वाढू?" त्यानंतर ताटात काही उरलं तर त्या खाणाऱ्यासमोर येऊन उभ्या राहत. बोलत नसत. नुसत्या उभ्या राहत. पहिल्याच दिवशी तपशीलरावांनी अर्धं गाजर बाजूला सारलं होतं. काकू आल्या, उभ्या राहिल्या, आणि तपशीलरावांनी ते गाजर पाण्याबरोबर गोळीसारखं गिळलं.

"काकू, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? आम्ही सहा भावंडं. टाकायला होतंच काय?"

एकोणिसावा रकाना होता, 'दररोज निर्माण होणारा कचरा, किलोमध्ये.' तपशीलरावांनी तिन्ही दिवस तराजू मांडला. तराजूत घालायला काही मिळालं नाही. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक.' आणि इतका निर्मळ अहवाल आपल्या हातून पूर्वी कधी गेला नव्हता, या समाधानात तो पाठवून दिला.

मुख्यालयाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. मोठ्या साहेबांनी तपशीलरावांना केबिनमध्ये बोलावून ते वाचून दाखवलं.

"'ज्याअर्थी सदर उपाहारगृहात कचरा निर्माण होत नसल्याचे दर्शविले आहे, त्याअर्थी तेथे कचरा विल्हेवाटीची कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नसावी, असे अनुमान निघते. सबब, कचरा विभागाचे प्रमाणपत्र सादर होईपर्यंत उपाहारगृह बंद ठेवण्यात यावे.' तपशीलराव, तुम्ही लिहिलंत तरी काय?"

"खरं लिहिलं, साहेब."

"सगळं?"

"सगळं."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि डोक्याला हात लावून बसले.

त्याच दुपारी कँटीनच्या दाराला कुलूप लागलं. काकूंनी पातेली घासून पालथी घातली, ॲप्रनची घडी केली, आणि कुणालाही काही न विचारता त्या निघून गेल्या. माळी दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी घेऊन आला, कुलपाकडे बघत थोडा वेळ सायकल धरून उभा राहिला, आणि परत गेला.

मग पार्सलं सुरू झाली. साडेबारा वाजले की फाटकाशी मोटारसायकलींची रांग लागे. सूप आलं की ते प्लास्टिकच्या वाटीत, वाटी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कागदी पिशवीत, आणि कागदी पिशवीत न मागितलेले दोन काटे, तीन चमचे आणि सॉसच्या सहा पुड्या. आठवड्याभरात जिन्याखाली डब्यांचा असा ढीग झाला, की टाइपिस्टबाईंना वर जायला मागचा जिना वापरावा लागे. तपशीलरावांनी सवयीनं एका दिवसाचा ढीग तोलला. अकरा किलो चारशे ग्रॅम. हा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा, ते मात्र त्यांना सापडेना. ढीग कार्यालयाचा होता, आणि तक्ता उपाहारगृहाचा.

कार्यालयात त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. लोक फक्त त्यांच्या टेबलाजवळून जाताना पोटावर हात ठेवून सुस्कारा टाकत. हिशेबनिसाला जळजळ सुरू झाली. त्यानं औषधाची बाटली तपशीलरावांना दिसेल अशी टेबलाच्या कडेला ठेवली.

"मी चूक काय केली?" त्यांनी घरी विचारलं. "एक अक्षर खोटं असेल तर दाखव."

"खोटं नाही हो," बायको म्हणाली. "पण त्या बाईंना विचारलं होतंत का, असं लिहू का म्हणून? त्यांच्या स्वयंपाकघरात तीन दिवस खुर्ची टाकून बसलात, आणि आता त्या घरी बसल्यात. जाऊन तरी या."

तपशीलराव रविवारी काकूंकडे गेले. दोन खोल्यांचं घर होतं, खिडकीत एक रेडिओ, आणि काकू टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. एवढ्या शेंगा एका माणसाला कशाला, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं, की माळ्याचा माल खपत नव्हता, तो इथं येऊन पडला होता. पोती भिंतीशी टेकवून ठेवलेली होती.

"मुरवून ठेवते," काकू म्हणाल्या. "बरण्या संपल्यात, पण बघू. बसा."

ते बसले. काकूंनी थोडा वेळ शेंगा सोलल्या, मग हात थांबवले.

"तपशीलभाऊ, एक विचारू? माझं काय चुकलं, तेवढं सांगा. मी घरी बसून सगळं आठवून बघितलं. भांडी घाण होती का? कुणाचं पोट बिघडलं का? चुकलं असेल तर सुधारीन. पण काय ते सांगा."

ज्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला तारीख, वार आणि जावक क्रमांकासह उत्तर असे, त्या माणसाला काही बोलता येईना. तुम्ही काही टाकलं नाहीत, हे चुकलं, असं कुणाला कसं सांगायचं? त्यांनी समोरच्या ढिगातली एक शेंग उचलून सोलायला घेतली. ती त्यांना नीट सोलताही येईना. दोघांनी मिळून अर्धं पोतं संपवलं. निघताना ते एवढंच म्हणाले, "मी ते प्रमाणपत्र आणतो."

कचरा विभागाची इमारत शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथल्या निरीक्षकांनी अर्ज शांतपणे वाचला. ते गोल चेहऱ्याचे, दमलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते.

"प्रमाणपत्र मिळेल. कचऱ्याचा नमुना जोडा. किमान पाच किलो."

"पण कचरा होत नाही, हेच तर..."

"नमुन्याशिवाय मी कशाचं प्रमाणपत्र देऊ? उद्या तुम्ही म्हणाल, आमच्याकडे वजनमापं नाहीत, तेव्हा ती अचूक आहेत असं लिहून द्या."

तपशीलरावांना हे बिनतोड वाटलं. त्यांनी आपल्या इमारतीत घरोघर जाऊन कचरा मागितला. आजवर शेजाऱ्यांनी त्यांना इतक्या आनंदानं काहीच दिलं नव्हतं. वहिनींनी माशांची डोकी दिली, मास्तरांनी केळ्याची सालं दिली आणि ती कुठून आली तेही सांगितलं. पाच किलोंची पिशवी मांडीवर घेऊन तपशीलराव बसमध्ये बसले. दुसऱ्या थांब्यापर्यंत त्यांच्या आजूबाजूच्या तीन रांगा आपोआप मोकळ्या झाल्या.

"हा उपाहारगृहातला आहे?" निरीक्षकांनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण सव्वीस वर्षं आडवी आली.

"नाही. आमच्या इमारतीतला."

"मग चालणार नाही."

"पण उपाहारगृह बंद आहे. बंद असताना तिथं कचरा कसा होईल?"

"चालू असताना होत होता?"

"नाही."

"मग बंद असल्यानं फरक काय पडला?"

 तपशीलरावांनी पिशवी ठेवायला आजूबाजूला पाहिलं. "हा इथंच टाकू का?"

"छे! इथं कचरा टाकायला सक्त मनाई आहे," निरीक्षक म्हणाले. पण तपशीलरावांचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "असं करा. एक दिवसाची तात्पुरती परवानगी देतो. कँटीन उघडा, रीतसर डबा ठेवा. मी स्थळपाहणीला येईन. डब्यात कचरा दिसला की जागेवर प्रमाणपत्र. बुधवारी, दुपारी."

पिशवी पुन्हा मांडीवर घेऊन तपशीलराव परत आले.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "उद्या प्रत्येकानं ताटात दोन घास टाकायचे. हे कार्यालयीन काम समजायचं. काकूंसाठी." सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. काकूंना हे सांगायची जबाबदारी अर्थातच तपशीलरावांवर आली.

"मला जमणार नाही," काकू म्हणाल्या. "मी वाढीन. टाका असं माझ्या तोंडून निघणार नाही, आणि टाकलेलं मला बघवणार नाही. त्यापायी कुलूप राहिलं तर राहू दे."

"तुम्ही फक्त त्या वेळी पाठ फिरवा," तपशीलरावांनी विनवलं.

बुधवार उजाडला. नवाकोरा हिरवा डबा दाराशी ठेवला. माळी पहाटेच भाजी टाकून गेला होता. बाराच्या सुमाराला शिजत्या घेवड्याचा आणि परतलेल्या कांद्याचा वास जिन्यानं वर चढला, आणि तीन आठवडे पार्सलांवर काढलेल्या त्या माणसांचं काय झालं ते काही सांगता येत नाही. हिशेबनिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. साडेबाराला सगळे टेबलांवर होते. कुणी बोलत नव्हतं, फक्त चमच्यांचा आवाज. तपशीलराव टेबलाटेबलांमधून फिरत कुजबुजत होते, "दोन घास, दोन घास." लोक मान हलवत आणि पाव ताटावरून फिरवून ताट आरशासारखं करत. टाइपिस्टबाईंनी खरोखर एक बटाटा बाजूला ठेवला होता. तपशीलरावांनी कृतज्ञतेनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात मोठ्या साहेबांनी हात लांब करून तो उचलला. "तुम्हाला नको असेल तर..." ते म्हणाले, आणि तोंडात टाकल्यावर त्यांना आपलंच फर्मान आठवलं.

निरीक्षक आले तेव्हा डबा रिकामा होता. त्याचं झाकणसुद्धा नवेपणानं चकाकत होतं.

"आधी बसा," काकू म्हणाल्या. "उन्हातून आलात. किती वाढू?"

"नको नको, मी कामावर... थोडंसं," निरीक्षक म्हणाले.

त्यांनी एकदा घेतलं. मग थोडंसं आणखी. मग सूप कशाचं आहे ते विचारलं, आणि सालांचं म्हटल्यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतलं. पावाच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून ते डब्याकडे गेले, झाकण उचललं, आत वाकून बघितलं. तपशीलरावांनी डोळे मिटले.

"कचरा नाही," निरीक्षक म्हणाले.

"नाही," तपशीलराव म्हणाले.

"म्हणजे प्रमाणपत्र देता येत नाही." त्यांनी फाइल उघडली, पेन चावलं, बराच वेळ विचार केला आणि लिहिलं. तपशीलरावांनी खांद्यावरून वाचलं. 'पाहणीच्या वेळी कचरा आढळला नाही. निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पाहणी दर बुधवारी पुढे चालू ठेवावी. प्रकरण प्रलंबित. पाहणी चालू असेपर्यंत उपाहारगृह बंद करता येणार नाही.' सही, शिक्का. निरीक्षकांनी काकूंना नमस्कार केला आणि निघाले.

"काकू," तपशीलराव गोंधळून म्हणाले, "म्हणजे आपण पास झालो की नापास?"

"माणूस जेवून गेला ना? कुलूप गेलं ना? मग ते ताट उचला आणि इकडे आणा."

तपशीलरावांनी निरीक्षकांचं ताट उचललं. आयुष्यात प्रथमच ते कँटीनच्या मोरीशी उभे राहिले, आणि उत्साहाच्या भरात स्वतःच ताट विसळायला गेले. चिनी मातीचं ताट साबणानं बुळबुळीत झालं, सटकलं, आणि फरशीवर पडून त्याचे चार तुकडे झाले.

क्षणभर ते त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांच्या अंगातून वीज गेली. त्यांनी तुकडे गोळा केले आणि ओल्या हातांनी तसेच बाहेर धावले. टाय खांद्यावर उडत होता. पायऱ्यांवरून त्यांनी ओरडायला सुरुवात केली.

"साहेब! साहेब, थांबा! कचरा झाला! झाला कचरा!"

फाटकापाशी निरीक्षक थबकले. त्यांनी तुकडे पाहिले. मग इकडे तिकडे पाहिलं आणि घाईघाईनं तपशीलरावांच्या जवळ आले.

"हळू बोला, हळू," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आत न्या ते, लपवा कुठंतरी. मी काही पाहिलेलं नाही." एवढं बोलून ते वळले, दोन पावलं गेले, आणि पुन्हा परत आले. "आणि तपशीलराव, जरा तपशील सांगा. पुढच्या बुधवारी काकू जेवायला काय करणार आहेत?"